कोडोलीतला आवाज

लाल ठिपका तसाच होता. तिळाएवढा, अर्धा प्रीसेटच्या पितळी खाचेवर, अर्धा त्याच्या पांढऱ्या अंगावर, म्हणजे खाच केसभर जरी कुणी फिरवली असती तर ठिपका मधोमध तडकला असता... तडकला नव्हता. बाकी बोर्डाची पार रया गेली होती — दुधाच्या खोलीतल्या ओलीनं तांब्याच्या वाटा हिरवट पडलेल्या, कडेला झुरळांची अंडी, ट्रान्सफॉर्मरवर गंजाचं पीठ — पण नेलपॉलिशचा तो ठिपका काल लावल्यासारखा चमकत होता, आणि जिनेंद्र डोळ्याला भिंग लावून त्याच्याकडे नुसता बघत बसला होता. चहावर साय धरली होती.

प्रीसेटवर नेलपॉलिश लावण्यात विशेष काही नाही, हे तो स्वतःला सांगत होता. सगळेच लावतात. हरभऱ्याएवढा भाग तो; त्याची खाच पेचकसानं फिरवून बोर्डाचा क्लॉक, म्हणजे आवाजाचा वेग, एकदा जुळवला, की हादऱ्यानं हलू नये म्हणून वर एक थेंब टाकायचा. त्या दिवशी हाताशी बाटली नव्हती म्हणून बायकोची, त्रिशलाची, मागून घेतली, आणि ती म्हणाली होती — काय म्हणाली होती? सगळी संपवू नका, असं काहीतरी. शब्द आठवत होते. शब्द नेहमीच आठवायचे.

कोडोलीच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी आकाराम पहाटेचं दूध आटोपून जीपनं आला होता आणि बोलक्या मशीनची पेटी ठेवून तसाच बाजारात गेला होता. गाळ्याचं शटर अर्धंच वर होतं. कारखान्याचा हंगाम जोरात, सगळ्या कसबा बावड्यावर मळीचा वास बसलेला, आणि त्या वासात आकारामनं पेटी टेबलावर अशी ठेवली होती, जसं कुणी आजारी माणसाला टेकवून बसवावं.

"खरखर तेवढी काढा, साहेब," तो म्हणाला होता. "बाईचा आवाज हाय तसाच पायजे. कम्प्युटरवालं मशीन बघितलं आमी, पर सभासद ऐकंनात. म्हणत्यात, आमची बाईच पायजे."

बाई. जिनेंद्रनं मान हलवली होती. संध्याकाळच्या दुधाआधी मी स्वतः आणून देतो, असंही म्हणून गेला, आणि म्हटल्यावर स्वतःच चपापला. कारण मशीन बसवलं त्या वर्षानंतर तो कोडोलीला एकदाही गेला नव्हता. बिघाड झाला की एका ओळखीच्या मेकॅनिकला पाठवायचा. फ्यूज, वायर, असली किरकोळ कामं असायची. तो मेकॅनिक यंदा गाव सोडून गेला, आणि पेटी चालत घरी आली.

घरी कुणी नव्हतं. म्हणजे गाळ्याच्या मागच्या दोन खोल्यांत आणि वरच्या माडीवर. शनिवार, आदितीची सकाळची शाळा. अव्वा बस्तीत, जैन मंदिरात, गेलेल्या; त्या अभिषेक झाल्याशिवाय परतायच्या नाहीत. अव्वा म्हणजे त्रिशलाची आई, विजयमाला. मुलगी गेल्यावर सव्वा वर्षाच्या नातीला सांभाळायला म्हणून बोरगावहून आल्या आणि राहिल्याच. त्यांना माहीत होतं का, हे मशीन अजून चालतं म्हणून? नसावं. त्यानं कधी विषय काढला नव्हता. आदितीला तर काहीच सांगितलं नव्हतं. ती लहान होती तोवर लहान आहे म्हणून, आणि मोठी झाल्यावर इतके दिवस का सांगितलं नाही हे सांगावं लागेल म्हणून... आठवीतली मुलगी. आईचे फोटो बघते. लग्नाच्या व्हिडिओत आई हसते, अक्षता झेलते, ओठ हलवते, आणि वर सनई वाजत राहते. त्या कॅसेटवाल्यानं सगळ्या बोलण्यावर सनई घातली होती.

आणि इथं या पेटीत ती बोलत होती. शून्यापासून नव्याण्णवपर्यंत. लिटर. फॅट. पॉइंट. बस्स, एवढंच. कुणाच्या वाट्याला बायकोच्या आवाजातली हाक येते, कुणाच्या वाट्याला भांडण. माझ्या वाट्याला पाढ्यासारखे आकडे आले, असं त्याला वाटलं आणि त्यानं भिंग खाली ठेवलं.

त्र्याण्णव सालचा हिवाळा. दूध घालणाऱ्याचा नंबर, लिटर आणि फॅट मोठ्यानं सांगणारं मशीन — म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळावं — ही कल्पना त्याची, आणि आवाज तिचा, कारण दुसरा कुणाचा आणणार? माडीवरच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या बांधून, कारण खालून उसाच्या बैलगाड्या घुंगरं वाजवत जायच्या. आदितीच्या वेळी आठवा महिना लागलेला, ती खुर्चीत पाय पसरून बसलेली, दर दोन आकड्यांना दम घ्यायची. बोरगावची, घरात कन्नड बोलणारी. मराठी आकडे तिच्या ओठांवर नीट बसलेले होते, फक्त ते 'एकोण'वाले सोडून. तिथं ती अडखळायची. तिचं मन आधी कन्नडमध्ये मोजायचं आणि मग घाईघाईनं इकडे यायचं. एकोणऐंशीला तर ती हसायलाच लागली. पुन्हा घेतलं, पुन्हा हसली. मग ओठ घट्ट मिटून, माझ्याकडे अजिबात न बघता, भिंतीकडे तोंड करून तिनं ते म्हटलं, आणि तरी शेवटच्या 'शी'मध्ये हसू राहिलंच — दाबलेलं, नाकातून निसटलेलं. त्यानं ते तसंच ठेवलं. दुसरं घ्यायला टेपरेकॉर्डरचे सेल उरले नव्हते.

मधले श्वास मात्र त्यानंच कापले. चिपांमध्ये जागा पुरत नव्हती, आणि दोन आकड्यांमधला श्वास कुणाला हवा होता? एकेक कापून काढला. आता वाटतं...

नाही. आता काम. खरखर.

त्यानं बोर्ड ब्रशनं साफ केला, स्पिरिटचा बोळा फिरवला. चिपांच्या काचेच्या खिडक्यांवरच्या चिकटपट्ट्या तपासल्या; एकीचा कोपरा सुटला होता. त्या खिडकीतून ऊन आत शिरलं की आतलं लिहिलेलं हळूहळू पुसलं जातं. तिथं त्यानं नवी काळी पट्टी अंगठ्यानं दाबून बसवली, आणि अंगठा जरा जास्तच वेळ दाबून ठेवला. मग वीज दिली. नंबरांच्या पट्टीवर सत्तावीस दाबलं. स्पीकर काढून कानाला इअरफोन लावला होता, घरात कुणी नसतानाही.

आलं ते वाळूतून आल्यासारखं. चर्र... त्त... वीस. मध्ये मध्ये फुटणारं. त्यात माणूस ओळखू येत नव्हतं, आणि त्याबद्दल त्याला क्षणभर बरंच वाटलं.

खरखर का होते हे त्याला ठाऊक होतं. चिपेत आवाज नसतोच, नुसते आकडे असतात, एका सेकंदात हजारो. क्लॉकचा एक ठोका चिपेला म्हणतो, पुढचा आकडा काढ. त्याच्या पाठीमागून येणारा दुसरा ठोका म्हणतो, आता तो उचल. दोन ठोक्यांमध्ये डोळ्याचं पातं लवण्याच्याही लाखाव्या हिश्शाएवढी सवड ठेवायची, कारण चिपेला आकडा पुढे ठेवायला तेवढा वेळ लागतो. चिपा म्हाताऱ्या झाल्या, मंदावल्या, आणि उचलणारा ठोका मात्र आपल्या जुन्या वेळेला येत राहिला. मग तो अर्धा मागचा आणि अर्धा पुढचा असा कसलातरी तिसराच आकडा उचलतो. तीच खरखर. स्कोपच्या, म्हणजे विजेचे ठोके दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर दोन हिरव्या रेषा एकाखाली एक धावत होत्या, आणि खालच्या रेषेची पायरी वरच्या रेषेच्या थरथरीतच पडत होती. तिला जरा मागं सारायचं. त्यानं एक छोटा कपॅसिटर डाग देऊन बसवला, पुरला नाही, तो काढून मोठा लावला. पायरी सरकली. थरथर निवली, रेष सपाट झाली, आणि त्या सपाट जागी पायरी अलगद उतरली. हे काम त्याला आवडायचं. इथं बरोबर काय आणि चूक काय, ते डोळ्यांना दिसतं.

त्यानं पुन्हा सत्तावीस दाबलं.

सत्तावीस, म्हणाली ती.

त्यानं इअरफोन काढून टेबलावर ठेवला. उठला, शटरपर्यंत जाऊन आला. रस्त्यावरून ट्रॅक्टर चालला होता, पोरं मागून ऊस ओढत होती. परत येऊन बसला आणि पुन्हा ऐकलं. स्वच्छ होता आवाज. पण तिचा नव्हता — म्हणजे, होता. 'त्ता'वरचा तो कन्नड जोर तिचाच होता, कुणी दुसरं असं म्हणूच शकत नाही. पण भारी होता. सावकाश, खालच्या पट्टीतला, जरा थकलेला. एखादी चाळिशीतली बाई, घरचं सगळं उरकून भिंतीला टेकून बसावी आणि कुणी विचारलं म्हणून सांगावं, सत्तावीस.

त्याच्या मानेवर काटा आला. ती सव्वीसची होती. काविळीचं निमित्त झालं आणि आठवड्यात गेली तेव्हासुद्धा सत्ताविसावं पुरं नव्हतं... आणि ही जी बोलत होती ती वयानं वाढलेली होती. तिकडे, वारणेच्या अंगाला, दुधाच्या किटल्यांच्या खडखडाटात, त्याच्या पाठीमागं, ती दरवर्षी एकेक वर्षानं मोठी होत गेली होती.

काय झालं असेल तेही त्याला लगेच उमगलं. प्रीसेटमधला कार्बन. ओल लागून त्याचा रोध वाढला, क्लॉक मंदावला, आणि क्लॉक मंदावला की आवाज लांबतो आणि खाली उतरतो. एकदम नव्हे, इतक्या हळू, की रोज ऐकणाऱ्याला कधी कळायचंच नाही. खाच जागची हलली नव्हती, ठिपका तडकला नव्हता, आणि तरी ज्या जागेवर ठिपका लावला होता ती जागाच निघून गेली होती. असं समजावून सांगता आलं की भीती जाते, असा त्याचा आजवरचा अनुभव. या खेपेला गेली नाही.

त्यानं पेचकस उचलला. मग ठेवला. मग उचलला आणि एकदम, दात काढावा तसा, फिरवला. बारीकसा आवाज झाला. लाल पापुद्रा दोन तुकडे होऊन टेबलावर पडला.

आता स्पीकर जोडला. कानात ऐकून भागण्यासारखं नव्हतं; ती खोलीत बोलायची, कानात नव्हे. सत्तावीस. जरा वर. सत्तावीस. आणखी वर... चाळिशी गेली, पस्तिशी गेली. ती भराभर तरुण होत चालली. एके ठिकाणी त्याला वाटलं, हीच. थांबला. डोळे मिटले. पुन्हा ऐकलं, आणि नव्हती. ही कॉलेजातली कुणी पोरगी होती, लाडिक. खाली आणलं. हीच... नाही, ही शिक्षिका. अर्धा केस इकडे, अर्धा केस तिकडे, आणि दर ठिकाणी एक नवीन बाई त्याच त्या जोरानं 'त्ता' म्हणत होती, आणि त्यातली प्रत्येक त्रिशला असू शकत होती.

मोजमाप? क्लॉकचा वेग स्कोपवर मोजता येतो, पण किती असायला हवा ते कुठं ठाऊक होतं? रेकॉर्डिंग उसन्या टेपरेकॉर्डरवर, उतरलेल्या सेलवर. कॅसेट कमी वेगानं फिरली होती, किती कमी ते कुणी बघितलं नव्हतं, आणि पुढं ती कॅसेटही कुठंतरी गेली. म्हणून पुऱ्या वेगानं वाजवल्यावर मशीनमधला आवाज पहिल्यांदा उगाच चिरका आला, आणि म्हणून तर त्यानं वेग पक्का धरणारा क्रिस्टल न बसवता प्रीसेट बसवला, कानानं जुळवायला. तेव्हा खाली बसून तो खाच फिरवत होता, आणि आत स्वयंपाकघरात ती शेजारणीशी बोलत पावट्याच्या शेंगा सोलत होती. इकडं ऐकायचं, तिकडं ऐकायचं, जुळवायचं. मापाची गरजच नव्हती. माप आत बसलं होतं.

आणि जुळल्यावर तिला बोलावून ऐकवलं, तर पदराला हात पुसत ऐकून म्हणाली, ही कोण? ही मी नव्हे. सगळेच म्हणतात असं, तो हसून म्हणाला होता, आपला आवाज आपल्याला आतून ऐकू येतो, बाहेरून वेगळाच असतो. ती पटल्यासारखी मान हलवून आत गेली. पण तिला खरंच पटलं होतं का? का ती म्हणत होती तेच खरं होतं, आणि मी तेव्हाच चुकवलं होतं...

"हा न्हवं."

तो दचकला. मागच्या दारात अव्वा उभ्या होत्या. बस्तीतून आलेल्या, कपाळावर गंधोदकाची ओल, हातात अक्षतांची डबी. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. आता या कोसळणार, असं वाटून तो खुर्ची पुढं करायला उठला. पण अव्वांचा चेहरा कोसळणाऱ्याचा नव्हता. भाजी कच्ची राहिली की त्यांची मुद्रा व्हायची तशी होती.

"हा न्हवं तिचा आवाज," त्या म्हणाल्या. "आधीचा हुता तो हुता. तुमी कशाला हात लावलासा, जिनाप्पा?"

आधीचा म्हणजे कुठला, हे विचारायला त्यानं तोंड उघडलं. अव्वाच खुर्चीत बसल्या आणि डबी मांडीवर ठेवून सांगत गेल्या, जसं काही हे सांगायचं राहूनच गेलं होतं. त्रिशला गेली त्याच्या पुढच्या वर्षी त्या कोडोलीला एका नात्यातल्या पूजेला गेल्या होत्या. "रस्त्यानं चाललोतो, अन ती एकदम 'सत्तावीस' म्हणाली. डेअरीच्या खिडकीतनं. मी तिथंच मातीत बसलो." तेव्हापासून महिन्यातून एखादी खेप होते. संध्याकाळच्या दुधाला. बाहेर बाक आहे, त्यावर बसायचं, दूध संपलं की शेवटच्या एसटीनं यायचं. आकारामला ठाऊक आहे, चहा देतो. आणि आदिती? आदिती नीट बोलायला लागली तेव्हापासून बरोबर असते.

आदिती?

"तिला मग आई कशी कळायची?" अव्वा म्हणाल्या, आणि हे इतकं साधं वाक्य होतं की त्यावर रागावताही येईना.

मावशीकडे जाऊन येतो, असं सांगून दोघी निघायच्या. तो एसटीपर्यंत सोडायचासुद्धा. आणि त्याला न सांगण्याचं कारण विचारलं तेव्हा अव्वांनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, तुम्हाला सोसायचं नाही असं आम्हाला वाटलं. त्याच्या मनात आलं — मलाही तेच वाटलं होतं, तुमच्याविषयी. एका घरात तीन माणसं, आणि तिघंही एकमेकांना जपत एकाच बाईला एकमेकांपासून लपवत होती. पण त्याला आत कुठंतरी बोचत होतं ते निराळंच होतं: या दोघी तिच्याजवळ बसत होत्या. ती मोठी होत गेली तेव्हा या तिथं होत्या. मी नव्हतो.

आदिती आली तेव्हा दप्तर खांद्यावरच होतं. टेबलावरची पेटी बघून ती उंबऱ्यात थांबली, आज्जीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. दप्तर खाली ठेवून ती जवळ आली, हात मागं बांधून उभी राहिली, आणि जिनेंद्रनं दुसरं काही सुचेना म्हणून सत्तावीस दाबलं.

"असं नाही," आदिती म्हणाली. "आई सावकाश बोलते."

बोलते. त्यानं खाच खाली फिरवली. ती मान तिरकी करून ऐकत राहिली, तिची आई गाणं ऐकताना करायची तशी — का हेही त्याचंच काहीतरी? — आणि बोटानं सांगत राहिली, अजून, अजून. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं. "हां. ही."

"न्हाई," अव्वा म्हणाल्या. "अजून जरा खाली."

"नाही अज्जी, खाली केलं की आजारी वाटते."

"मग तशीच हुती की. दमल्यागत."

दोघी वाद घालत होत्या, हळू आवाजात, जणू आत कुणी झोपलंय. जिनेंद्र पेचकस धरून मध्ये बसला होता आणि त्याला दोघींच्याही जागा परक्या होत्या. त्या भारी, शांत बाईनं त्याला कधी हाक मारली नव्हती, तिच्याशी तो कधी भांडला नव्हता. ती सव्वीसची होती, तो शेवटी म्हणाला, तिचा आवाज असा नव्हता, पातळ होता, खेळता होता. त्यानं ते पुष्कळ वर्षांनी मोठ्यानं म्हटलं असावं, कारण दोघींनी वाद सोडून त्याच्याकडे बघितलं. मग आदिती म्हणाली, "तेव्हा असेल." त्यात कडू काही नव्हतं. जणू तो एका बाईबद्दल बोलत होता आणि ती दुसरीबद्दल, आणि दोघी खऱ्या असायला तिची हरकत नव्हती.

त्याला वाटलं, सगळं परत होतं तसं करावं. जिथं ठिपका तडकवला तिथं खाच नेऊन ठेवावी आणि मोकळं व्हावं. पण ती जागा कुठली ते आता कुणालाच सांगता येत नव्हतं. आदितीला नाही, अव्वांना नाही, आणि त्यानं तर ती एकदाच, तीही घाबरून, ऐकली होती. आकडे चिपांत शाबूत होते. उद्या ते उतरवून घेता येतील, कम्प्युटरवर ठेवता येतील, कधी पुसले जाणार नाहीत. त्यांची चाल मात्र कुठंच लिहिलेली नव्हती.

दिवस कलायला लागला तेव्हा खाच आदितीचं बोट थांबलं ती जागा आणि अव्वांची मान हलली ती जागा, या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी होती. त्यानं पेटी बंद केली. खाचेवर नेलपॉलिशचा थेंब न लावता. मी येते, म्हणून आदिती स्कूटरवर मागं बसली, पेटी मांडीवर, दोन्ही हातांनी धरून.

शियेच्या पुलावर धुकट धुरासारखं काही नदीवर उतरत होतं. वाठारच्या फाट्यावर ते वळले, आणि उसाच्या दोन भिंतींमधून रस्ता पुढं गेला. कोडोलीत डेअरीसमोर माणसं किटल्या घेऊन आधीच रांगेत उभी होती. आकारामनं पेटी बसवली, बटणं दाबून बघितली, आणि जिनेंद्रकडे वळून फक्त म्हणाला, खरखर गेली की. आदिती सरळ जाऊन बाहेरच्या बाकावर एका कडेला बसली. दुसरी कड मोकळी ठेवली होती. त्याला कळायला वेळ लागला, की ती आज्जीची जागा, आणि आज ती त्याच्यासाठी आहे.

तो बसला. खिडकीतून ती बोलू लागली. बारा. चार लिटर. फॅट, सहा पॉइंट एक. किटली रिकामी होई, पुढचं माणूस सरके. कुणी मान वर करून ऐकत नव्हतं. घरातल्या बाईचं बोलणं ऐकावं तसं ऐकत होते, म्हणजे ऐकत नव्हते. आणि मग एक वाकलेली म्हातारी पुढं झाली, बयाबाई म्हणून आकारामनं तिला हाक मारली, आणि खिडकीतून आवाज आला, एकोणऐंशी. शेवटी ते हसू होतं. इतकी वर्षं रोज दोनदा, या बाईला बघून, ते हसू इथं उमटत होतं. बयाबाईनं किटली ठेवता ठेवता खिडकीकडे बघितलं.

"आज लई खुशीत हाय," ती आकारामला म्हणाली. "म्हायेराहून आल्यागत."

रांगेतले दोघं-तिघं हसले. जिनेंद्र हसला नाही. ते हसू त्याला आत्ता नीट ऐकू आलं होतं, आणि ते भिंतीकडे तोंड करून दाबलेलं, चुकल्याचं हसू नव्हतं. वेग बदलल्यानं असेल; खालच्या पट्टीत ते एखाद्या वयस्क बाईचं झालं होतं, जिला काहीतरी ठाऊक आहे आणि ती ते सांगणार नाही. माडीवरची ती खोली, गोधड्या, घुंगरं — त्यानं ती समोर आणायचा प्रयत्न केला. आली. खुर्चीत पाय पसरून ती बसलेली दिसली. तिचे ओठ हलले. आणि आवाज आला तो खिडकीतला. त्यानं घाईघाईनं दुसरं काही शोधलं — स्वयंपाकघर, शेजारीण, नेलपॉलिशची बाटली पुढं करणारा हात — आणि सगळीकडे तीच बोलत होती, ही भारी, सावकाश बोलणारी. सगळी संपवू नका. आत्ता आत्तापर्यंत, सकाळी तो पापुद्रा उडेपर्यंत, त्याच्याजवळ दुसरा एक आवाज होता. निदान आहे असं वाटत होतं. आता तो कुठल्या खणात ठेवला होता तेच आठवेना.

भीती वाटायला हवी होती. वाटतही होती, पण तिच्या बरोबरीनं आणखी काहीतरी होतं, ज्याला नाव देता येईना. बारा वर्षं रिकाम्या असलेल्या खोलीत दिवा दिसावा, आणि आत कोण आहे हे बघायला पाय उचलू नये, तसं. तो दूध संपेपर्यंत बसून राहिला. मध्येच कधीतरी आदितीनं आपली ओढणी सावरली, आणि तिच्याकडे न बघता त्यानं अंग चोरून तिला जागा करून दिली.

परतताना वारं गार होतं. उसाच्या गाड्या समोरून येत होत्या, त्यांच्या खाली टांगलेले कंदील हलत होते. वाठार मागं पडलं. मागं बसून आदिती बोलत होती, बराच वेळ बोलत असावी. शाळेतलं काहीतरी, बाईंनी वर्गात कुणाला तरी उभं केलं त्याचं. वाऱ्यानं शब्द तुटत होते आणि तो शब्दांकडे लक्ष देतच नव्हता. तो फक्त आवाज ऐकत होता — अजून पोरवयाचा, पण कडेनं कुठंतरी जाडावू लागलेला, एका पट्टीतून सुटून दुसऱ्या पट्टीवर न पोचलेला. हा कुठं जाऊन थांबेल? त्यानं स्कूटरचा वेग कमी केला, इंजिनाचा आवाज खाली यावा म्हणून.

"ऐकताय ना?" मागून विचारणा झाली.

"हो," तो म्हणाला. तो म्हणजे मीच; मी म्हणालो. आणि रस्त्यावर नजर ठेवून, मागं वळून न बघता, ती पुढं बोलण्याची वाट बघत राहिलो.